चंद्रीच्या शिंगातली फीत

"पण म्हशीच्या शिंगाला फीत बांधली कुणी?"

"कुनी बांधली न्हाई. तिची तिनंच आनली."

"म्हणजे?"

"म्हंजे कारवीत डोस्कं घासलं. आली अडकून."

चौबळ सर गोठ्याच्या दारात उभे होते. अंगातून पाणी निथळत होतं, दातांवर दात आपटत होते, तरी आवाज चौकशी समितीच्या अध्यक्षाचा होता. समोर कोंडिबा मरगळे, वय सत्तरीच्या पुढे, गवताची मूठ घेऊन म्हशीच्या पाठीवरचं पाणी निपटत होते. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

हे सगळं मला पुढे सरांनीच सांगितलं. एकदा नव्हे, चार वेळा. चारही वेळा त्यांनी स्वतःची बाजू सावरायचा प्रयत्न केला नाही, म्हणून मी ते जसंच्या तसं खरं धरतो.

सर म्हणजे विक्रांत चौबळ. धंद्याने वास्तुविशारद, पण पुण्यात आमच्यासारखे तीसेक लोक त्यांना ओळखतात ते रविवारी पहाटे टेकडीवर पळवणारे म्हणून. "थंडी अंगात नसते, डोक्यात असते" हे त्यांचं वाक्य आमच्या बनियनांवर छापलेलं आहे. मी त्यांच्या तुकडीतला, शेवटून मोजलं तर लवकर सापडणारा.

आणि ती शर्यत म्हणजे श्रावणातली डोंगरशर्यत. सत्तर किलोमीटर, चार घाट, सगळं पावसात. चिखल असा की एखाद्या पावलाला बूट तिथेच राहतो आणि मोजा पुढे जातो. वर माळावर वारा सुटला की पाऊस आडवा लागतो आणि श्रावणात हुडहुडी भरते. लोक विचारतात, हौस म्हणून असलं कोण करतं? आम्ही एकशे एक्क्याऐंशी जण करत होतो.

शर्यतीची एक फिरती ढाल आहे. लागोपाठ तीनदा पहिला येईल त्याची ती कायमची. सर दोनदा पहिले आले होते. तिसऱ्या वर्षी सकाळी साडेदहाला ते दुसऱ्या माणसापेक्षा पाऊण तास पुढे होते. सरांच्या दिवाणखान्यात ढालीसाठी खिळा आधीच ठोकून झाला होता, हे मला वहिनींनी सांगितलं.

वाघजाईच्या माळावर वाट फुटते. उजवी घाटात उतरते, ती आमची. डावी कड्याच्या काठाने धनगरवाड्याकडे जाते. अशा प्रत्येक फाट्यावर आयोजक केशरी फीत बांधतात, आणि फीत दिसेल तिकडे जायचं हा आमच्या पंथाचा पहिला नियम. त्या सकाळी फाट्यावरच्या कारवीच्या झुडपांत म्हशींनी डोकी घासली होती. फीत फाट्यावर नव्हती. ती चंद्री नावाच्या म्हशीच्या शिंगात होती, आणि चंद्री डावीकडे निघाली होती.

धुकं दाट. सरांना पुढे केशरी काहीतरी हललेलं दिसलं. ते त्याच्यामागे गेले. दहा मिनिटं गेले.

फीत चालते आहे, याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

तर आता ते गोठ्याच्या दारात होते.

"नाना, मला वाट दाखवा. लगेच. मी पहिला आहे."

"कशात?"

"शर्यतीत."

कोंडिबांनी गवताची मूठ टाकली. सरांच्या हातांकडे पाहिलं. मग ओठांकडे पाहिलं, ते निळे पडले होते.

"दावतो की," ते म्हणाले. "येवढी फीत सोडा तिच्या शिंगाची. मंग जाऊ."

सर पुढे झाले. चंद्रीने मान खाली घातली, जणू तिलाही ती ब्याद नकोच होती. गाठ अगदी साधी. सरांनी ती धरली. म्हणजे धरली असं त्यांना वाटलं. बोटं गाठीवर होती, पण ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी नुसती तिथे टेकलेली होती. त्यांनी चिमटीत पकडायचा प्रयत्न केला. फीत निसटली. पुन्हा पकडली. पुन्हा निसटली.

गोठ्यात चंद्रीच्या रवंथाचा आवाज चालू होता.

पाचव्यांदा सरांनी दातांनी गाठ सोडवायला तोंड पुढे केलं. जबडा थरथरत होता, दात गाठीवर बसेनात. मग ते थांबले. त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा भीती वाटली, असं ते सांगतात. ढाल जाईल ही भीती नव्हे. आपलं काहीतरी बिनसलं आहे आणि ते आपल्याला कळलंच नाही, याची.

गोठ्याच्या एका अंगाला चूल पेटलेली होती. कोंडिबांच्या कारभारीण ठकाई तिथे बसल्या होत्या. सर दोन्ही हात पुढे करून जाळाकडे निघाले.

कोंडिबा मध्ये आडवे झाले.

"जाळापाशी न्हाई. भाजलं तरी कळायचं न्हाई तुमाला."

त्यांनी सरांचा ओला शर्ट स्वतः उतरवला, त्यासाठी आधी पाठीवरची पिशवी काढली. पिशवी जड लागली म्हणून उघडून पाहिली. आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लाल जाकीट निघालं. कोरडं ठणठणीत.

"ह्ये काय हाय?"

"जाकीट."

"कुनाचं?"

"माझं. जवळ ठेवणं सक्तीचं आहे."

"मंग?"

"मग काय?"

"घातलं का न्हाई?"

"थांबावं लागतं. दोन मिनिटं जातात."

कोंडिबांनी जाकीट झटकलं, उलटसुलट करून पाहिलं, हाताने चाचपलं. कापड चांगलं आहे, एवढंच म्हणाले. मग ते खुंटीला लावलं आणि सरांच्या उघड्या अंगावर स्वतःची घोंगडी टाकली. घोंगडी टोचत होती, असं सर सांगतात. टोचते आहे हे कळायलाही पाच मिनिटं लागली.

पुढची गोष्ट सर सांगतात तेव्हा आमच्या तुकडीतले नवे लोक हसतात. कोंडिबांनी चंद्रीला शिंगाला धरून स्थिर केलं आणि सरांना तिच्या बाजूला उकिडवं बसवलं. कास आणि मांडी यांच्या मधल्या खोबणीत दोन्ही हात घालायला सांगितलं. हलायचं नाही, बोलायचं नाही, ती लाथ मारणार नाही. लहानपणापासून आमचे हात तिथेच गरम होतात, असं ते म्हणाले.

सरांनी हात घातले.

आधी काहीच कळलं नाही. मग ऊब कळली. मग बोटांत कळा सुरू झाल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. चंद्री उभी होती. तिचं पोट श्वासागणिक सरांच्या कपाळाला लागत होतं. सरांनी कपाळ तिथेच टेकू दिलं. त्या पोटात ऊब होती आणि ती त्यांना मिळत होती, आणि त्यासाठी त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. पळणं नाही, सराव नाही. सर म्हणतात, आयुष्यात फुकट असं काही मला चालत नव्हतं, त्या दिवशी चाललं.

ठकाईंनी गूळ घातलेलं कढत दूध दिलं. तेही प्यायले.

वीस मिनिटांनी कोंडिबा म्हणाले, "आता बघा फीत सुटती का."

सुटली. एका झटक्यात सुटली. सरांनी ती हातात धरली, हसले, जाकीट अंगात चढवलं, चेन स्वतः लावली. घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांत फाट्यावर पोचलो तर दुसरा यायच्या आत उजवीकडे वळता येईल. चार-पाच मिनिटांची आघाडी अजून उरली होती. ढाल गेलेली नव्हती.

त्यांनी कोंडिबांना वाकून नमस्कार केला. उपकार कसे फेडू वगैरे म्हणू लागले.

कोंडिबांचं लक्ष नव्हतं. ते धुक्याकडे पाहत होते.

"पावनं, तुमच्या मागं किती जन हायत?"

"एकशे ऐंशी."

"सगळी त्या फाट्याव येनार?"

"हो."

"डावी वाट कड्याच्या काठानं हाय. तुमाला दिसला न्हाई, पर कडा हुता. चंद्री फुडं हुती म्हनून आलात."

"हो… नशीबच."

"त्यांच्या फुडं कुनाची म्हस हाय?"

फीत सरांच्या हातात होती.

त्यांनी विचारलं, तुम्ही जाऊन उभे राहाल का, नाना? विचारताना लाज वाटली, पण विचारलं. कोंडिबांनी सांगितलं की गेल्या साली एकजण असाच चुकत होता. त्यांनी बांधावरून ओरडून हाका मारल्या. त्याच्या कानात गाणी होती. तो हात हलवून पुढे गेला. म्हातारा टाळ्या वाजवतोय असं वाटलं असेल त्याला. शेवटी पळत जाऊन दंडाला धरून वळवावा लागला. औंदा गुडघा पळू देत नाही. घोंगडीतल्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतं? तुमच्या छातीवर आकडा आहे, तुमचं ऐकतील.

"घोंगडी घिऊन जावा," एवढंच ते शेवटी म्हणाले. "उभ्या मानसाला जास्त गारठा लागतो."

सर जाकिटावर घोंगडी घेऊन फाट्यावर आले. या वेळी कड्यापासून दूर, कोंडिबांनी सांगितलेल्या वरच्या वाटेने आले. फीत कारवीला घट्ट बांधली, दोन गाठी मारल्या. मग घोंगडी दगडावर ठेवली आणि उजवीकडे पळत सुटले.

हेही त्यांनी लपवलं नाही. दहा पावलं पळालो, असं ते म्हणतात.

दहा पावलांनी मागे वळून पाहिलं. फीत दिसत नव्हती. धुक्यात नुसती कारवी दिसत होती, आणि कारवीपाशी उरलेल्या तीन म्हशी माना पुढे करून उभ्या होत्या.

सर परत आले.

थोड्याच वेळात थोपटे आला. भोरचा पोरगा, सतत दुसरा येणारा. घोंगडीतला माणूस पाहून तो आधी दचकला, मग ओळख पटली.

"सर, तुम्ही इथे?"

"उजवीकडे जा. डावीकडे कडा आहे."

"आणि तुम्ही?"

"तू जा. आणि शर्यतीच्या पुढच्या चौकीवर सांग, या फाट्यावर माणूस पाठवा."

थोपटे गेला. सर त्याच्या पावलांचा पचपच आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ऐकत राहिले. तीन वर्षांची ढाल त्या आवाजाबरोबर घाटात उतरली. वाईट वाटलं का, असं मी विचारलं होतं. खूप, असं ते म्हणाले. त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं.

मी फाट्यावर पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजून गेला होता. माझी अवस्था सांगण्यासारखी नव्हती. दोनदा घसरलो होतो, एका बुटात अर्धा शेर चिखल होता, आणि गेला तासभर मी मोठमोठ्याने कुणाशी तरी भांडत होतो. कुणाशी ते आता आठवत नाही. धुक्यातून घोंगडी पांघरलेला एक माणूस पुढे आला आणि त्याने माझा दंड धरला.

"जाकीट कुठेय?"

आवाज सरांचा होता.

"पिशवीत," मी म्हणालो. "सर, थंडी डोक्यात असते ना?"

"घाल."

माझी बोटं चालत नव्हती. त्यांनीच माझ्या पिशवीतून जाकीट काढलं, एकेक हात धरून बाहीत घातला, हनुवटीपर्यंत चेन ओढली आणि टोपीची नाडी बांधली. शाळेत जाताना आई बांधायची तशी. इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी फक्त मिनिटा-सेकंदांत बोलला होता. मी उजवीकडे वळलो आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर मला रडू आलं. थकव्याचं नव्हतं ते. बरं वाटल्याचं होतं. कुणीतरी आपल्यासाठी पावसात उभं आहे, एवढं कळलं की माणूस सत्तर काय, नव्वदही चालून जाईल, असं तेव्हा वाटलं. प्रत्यक्षात मी सत्तरच चाललो, आणि तेही कसेबसे.

चौकीवरून माणसं यायला दोन वाजले. घाटात दरड आल्याने त्यांना वळसा पडला होता. तरी सर थांबले. शेवटच्या एक बाई, साताऱ्याच्या शिक्षिका, पायात गोळे येऊन लंगडत आल्या, तेव्हा सर त्यांच्याबरोबर निघाले. दोघंही वेळेनंतर पोचले. निकालाच्या कागदावर सरांचं नाव नाही. ढाल वर्षभरासाठी भोरला गेली.

एकशे एक्क्याऐंशींपैकी डावीकडे त्या दिवशी फक्त एकजण गेला होता. त्याच्या पुढे म्हैस होती.

पुढच्या रविवारी सरांनी तुकडीला सुट्टी दिली आणि मला गाडीत घातलं. डोंगराच्या पायथ्याच्या गावापासून धनगरवाड्यापर्यंत दोन तासांची चढण. पाऊस होताच. सरांच्या पाठीवर मोठी पिशवी होती. वाटेत ते अजिबात पळाले नाहीत.

कोंडिबा गोठ्यातच होते. सरांनी आधी घोंगडी काढली. लाँड्रीतून धुऊन, इस्त्रीची घडी घालून, पारदर्शक पिशवीत. ठकाईंनी ती नाकाशी नेली आणि पदर तोंडाला लावला. हसू आवरत म्हणाल्या, लोकरीचा सगळा तेलकटपणा गेला की, आता हिच्यातनं पाणी आत येणार. त्यांनी घोंगडी चुलीच्या वर, धुरात टांगली. चार महिन्यांत येईल पहिल्यासारखी, असं सांगून त्यांनी सरांचीच समजूत घातली. सर शाळकरी मुलासारखे ओशाळले.

मग साखर-चहा, ठकाईंना लुगडं, कोंडिबांना शाल. कोंडिबांनी शाल दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. त्यांना आवडली ती, स्पष्ट दिसत होतं.

शेवटी झेंडूचा हार निघाला. तो चंद्रीसाठी होता. सरांनी तो तिच्या गळ्यात घातला आणि हात जोडून तिच्यासमोर उभे राहिले. चंद्रीने मान वळवून हाराची एक बाजू तोंडात घेतली आणि शांतपणे चावू लागली. मी दुसरीकडे पाहिलं. मला हसायचं नव्हतं.

कारण सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाना," ते म्हणाले, "आठ दिवस मी एकच विचार करतोय. तुमच्या म्हशी घरी कधी येतात?"

"दिस मावळताना."

"बाकीच्या त्या दिवशी कधी आल्या?"

"तवाच. मावळताना."

"आणि ही सकाळी आली. भर चरायच्या वेळेला, एकटी. बरोबर मी त्या फाट्यावर होतो तेव्हा. मी मेलो असतो, नाना. माझ्यामागे आणखी कितीजण त्या कड्यावर गेले असते. मी देवधर्म करणारा माणूस नाही. पण हिला कुणीतरी पाठवलं. ही माझ्यासाठी आली. मला फक्त सांगा, मी बरोबर बोलतोय का…"

बाहेर पाऊस कौलांवर वाजत होता. कोंडिबांनी चंद्रीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका खाजवला, तिच्या तोंडातून लोंबणारी झेंडूची दोरी तिने गिळू नये म्हणून ओढून काढली. मग सरांकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती. माया होती.

"म्हस हाय ती, पावनं. गारठली… घरी आली."